मोटर ऑफची मोटर ऑन कशी झाली

"सर, तुमची इंग्रजी चुकली का माही पोट्टी?"

जानेवारीतली सकाळ होती. शाळेच्या फाटकाशी एक पालक हातात पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन उभे होते. उजव्या नडगीला फडकं बांधलेलं, आवाज बसलेला. पुठ्ठ्यावर पेनाने टिंबं आणि रेघा काढल्या होत्या आणि खाली आठवीतल्या त्यांच्या मुलीचं वळणदार अक्षर. पुठ्ठा मी ओळखला, कारण त्यावरचं स्पेलिंग महिनाभरापूर्वी मीच तपासून दिलं होतं. मोटर ऑफ. एम-ओ-टी-ओ-आर, ओ-एफ-एफ. स्पेलिंग बरोबर, मोर्स कोडही (टिंबा-रेघांची तारेची लिपी) बरोबर. तरी आदल्या रात्री या दोन शब्दांनी त्यांना थंडगार पाण्यात भिजवलं होतं, नडगी सोलली होती आणि स्प्रिंकलरची एक उभी दांडी मोडली होती.

मी इंग्रजी शिकवतो. कागदावर चूक नाही आणि वावरात मात्र उलटा अर्थ निघतो, हे मला सहन होईना. म्हणून पुढचे तीन आठवडे या प्रकरणाच्या मागे लागलो. त्याची ही नोंद. कुटुंबाच्या संमतीने लिहिली आहे, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाला लागून. यांचं घर वावरातच आहे, विहीर घराला चिकटून, मोटरचा स्टार्टर छपरीत. वावर तिथून लांबट पट्ट्यासारखं नाल्यापर्यंत उतरत जातं. शेवटचा धुरा घरापासून सहाशे पावलांवर. हरभऱ्याला स्प्रिंकलरने ओलित करायचं म्हणजे काही तासांनी पाइप सोडवून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. त्यासाठी मोटर बंद हवी, पाइप जोडून झाले की पुन्हा चालू. थ्री-फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा नाल्याकडे, आई स्टार्टरपाशी. प्रत्येक वेळी सांगायला सहाशे पावलं यायचं आणि सहाशे पावलं जायचं. मध्ये रानडुकरं, आणि जंगलाच्या कडेला आणखीही काय काय. नाल्याच्या खोलगटात मोबाइलची एक दांडी दिसत नाही, त्यामुळे मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायचं यंत्रही तिथे निरुपयोगी. ओरडलं तर वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून.

बॅटरी दाखवायची कल्पना थोरलीची. सहावीतल्या भावाला घेऊन तिने आईच्या मोबाइलवर एक अ‍ॅप शोधलं, त्यात इंग्रजी शब्द टाकला की खाली मोर्स येतो. शब्द मला दाखवून घेतले, पुठ्ठ्यावर उतरवले, बाबांना दिले. पुठ्ठा बाबांच्या टोपीत असायचा.

पहिला प्रयोग मोटरचा नव्हताच. थोरलीने एका संध्याकाळी धुऱ्यावरून टी-ई-ए पाठवलं होतं. धाकट्याने छपरीतून वाचलं आणि ओरडून सांगितलं, "एक्स आला, एक्स!" दोघं खूप हसली. मला हे सांगितलं तेव्हा मीही हसलो, आणि ती माझी चूक. टी म्हणजे एक रेघ, ई म्हणजे एक टिंब, ए म्हणजे टिंब-रेघ. तिन्ही अक्षरं मध्ये पुरेसं न थांबता पाठवली तर — • • — उरतं, आणि तो एक्स. पुढे जे झालं त्याचं बीज या चहातच होतं.

मोर्स ही भाषा नाही, लिपी आहे. "इंग्रजीचं मोर्समध्ये भाषांतर" असं आपण म्हणतो खरं, पण अ‍ॅप भाषांतर करत नाही, अक्षरामागून अक्षर बदलतं. आणि या लिपीत अक्षराइतकीच अक्षरांमधली रिकामी जागाही लिहावी लागते. टिंब एक मात्रा, रेघ तीन मात्रा. एकाच अक्षरातल्या टिंबा-रेघांमध्ये एक मात्रा अंधार, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. पडद्यावर ही तीन मात्रांची शांतता एका बारीकशा मोकळ्या जागेने दाखवतात आणि सात मात्रांची एका तिरक्या रेघेने. पेनाने पुठ्ठ्यावर उतरवताना मोकळी जागा आक्रसली. तिरक्या रेघेचं काय झालं ते पुढे येईलच.

ती रात्र

रात्री अकराच्या सुमारास शेतीची लाइन गेली. स्प्रिंकलर थांबले. घरात उजेड होता, कारण गावठाणाची लाइन वेगळी, पण स्टार्टरच्या पेटीवरचे तिन्ही दिवे विझलेले. बाबांनी विचार केला, पाणी थांबलंच आहे तर पाइप आत्ताच हलवून घेऊ. मात्र लाइन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून घरी कळवलं पाहिजे की आली तरी मोटर लावू नका. टोपीतला पुठ्ठा काढला, मोटर ऑफ पाठवलं आणि जोड सोडवायला बसले.

थोरली जागी होती. तिने वहीत टिपलं आणि आईला सांगितलं, मोटर ऑन.

आईला त्यात वावगं काय वाटणार? लाइन गेली आहे, आल्यावर लाव म्हणताहेत. वीसेक मिनिटांनी दिवे लागले, तिने हिरवं बटण दाबलं. तिकडे जोड उघडा होता. पाइप उसळला, नडगीवर बसला, वरून जानेवारीतल्या विहिरीचं पाणी.

नशिबाने एक गोष्ट आधीच झाली होती. लाइन आली की मोटर आपोआप लावणारा ऑटोस्विच त्यांनी मागच्या वर्षीच काढून टाकला होता. तो असता तर निरोप बरोबर पोचूनही मोटर लागलीच असती, आणि आपण सगळा दोष बिचाऱ्या मोर्सला दिला असता.

वही काय सांगते

थोरलीची वही हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा. तिने अक्षरं नाही, दिसलं तसं टिपलं होतं:

— — — — — — — — — — • — • — — — — — •

सुरुवातीला दहा रेघा आहेत. असायला हव्यात नऊ. एम दोन रेघा, ओ तीन, टी एक, पुन्हा ओ तीन. मोटर या शब्दात शेवटचा आर सोडला तर टिंबच नाही. अक्षरांमधली शांतता हरवली की उरते नुसती रेघांची माळ, आणि अंधारात सहाशे पावलांवरून माळ मोजायची म्हणजे एखादी इकडेतिकडे होणारच. पण तिला मोटर शब्द अपेक्षितच होता, म्हणून तिने तो मानून घेतला. आपण सगळेच असं वाचतो.

त्यापुढे आर बरोबर. मग चार रेघा. ओच्या तीन, मग चौथी कुठून आली? मी पुठ्ठा पुन्हा पाहिला. दोन शब्दांमधली ती तिरकी रेघ! अ‍ॅपने 'इथे शब्द संपला' म्हणून दिलेली खूण धाकट्याने उतरवताना जराशी आडवी केली होती. बाबांनी ती इमानेइतबारे रेघ म्हणून पाठवली. म्हणजे सगळ्यात लांब शांतता जिथे हवी होती, तिथेच उजेड पडला.

आणि शेवटी — •. तो एन. एफ म्हणजे • • — •. पहिली दोन टिंबं गळाली की उरतं — •. ऑफमधला पहिला एफ अर्धा खाल्ला गेला आणि ऑन झालं.

ती दोन टिंबं गेली कुठे? मला वाटलं वाऱ्याने तुरीची ओळ आडवी आली असेल. बाबांना वाटलं त्यांचा हात थंडीने अडखळला. थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, मी खाली पाहून ल्हित होती." चार रेघा टिपायला मान खाली घातली, तेवढ्यात दोन छोटे उजेड येऊन गेले. दुसरा एफ आला तेव्हा तिला वाटलं, बाबा परत पाठवताहेत. तोवर ऑन कळलंच होतं, म्हणून ती आईकडे पळाली.

यात कुणाला दोष द्यावा? मला त्या चौघांपैकी कुणालाही देता येत नाही. जहाजांवर दिव्याने निरोप घेतात तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा लिहितो, नजर दिव्यावरून हलवायची नसते म्हणून. आठवीतल्या मुलीला हे कुणी सांगितलं होतं? स्पेलिंग तपासून मोकळा होणाऱ्या सरांनी तर नाहीच.

शब्द महाग पडतो

मग मी मात्रा मोजायला बसलो. मोर्सचा वेग मोजायला पॅरिस हा शब्द वापरतात, कारण त्यापुढची शांतता धरून तो बरोबर 50 मात्रांचा होतो. त्याच हिशेबाने मोटर 58 मात्रांचा. दोन्ही पाचच अक्षरी, पण मोटरमध्ये दोन ओ आहेत आणि एकेक ओ 11 मात्रा खातो. मोटर ऑफ हा अख्खा निरोप 93 मात्रांचा. बॅटरीवर हात ठेवून-काढून एक मात्रा अर्ध्या सेकंदाच्या आत जमत नाही, म्हणजे कागदावर 46 सेकंद. गारठलेल्या हाताने त्याच्या दुप्पट.

सॅम्युअल मोर्सने 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिली जाहीर तार पाठवली, त्या वेळच्या संहितेत मोठा शहाणपणा होता. छापखान्यात कुठल्या अक्षराचे किती खिळे लागतात ते मोजून जास्त लागणाऱ्या अक्षराला छोटी खूण दिली होती. त्या मोजणीत ईचे 12,000 खिळे होते आणि झेडचे 200. म्हणून ई एक टिंब. पण आज आपण वापरतो ती संहिता थेट तीच नाही. जर्मनीत फ्रेडरिक गेर्के यांनी 1848 मध्ये ती बदलली आणि 1865 मध्ये पॅरिसच्या परिषदेत तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ओच्या तीन रेघा या फेरबदलांच्या काळातल्या. अमेरिकेतल्या जुन्या संहितेत ओ म्हणजे थोडं अंतर ठेवलेली दोन टिंबं होती. इंग्रजीत ओ काही कमी येत नाही, तरी आज ते सगळ्यात लांब अक्षरांच्या पंगतीत बसलं आहे. आमच्या वावरात नेमका ओचाच सुकाळ होता. मोटर, ऑन, ऑफ.

पण लांबीपेक्षा वाईट गोष्ट दुसरीच. ऑन आणि ऑफ हे विरुद्ध अर्थाचे शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. बोलताना काही बिघडत नाही, कान शेवट ऐकतो. अक्षर-अक्षर येतं तिथे मात्र पहिल्या अक्षराने काहीच कळत नाही आणि सगळा भार शेवटावर पडतो, आणि तोवर वाचणारा थकलेला असतो.

म्हटलं, शब्द बदलू. मी सुचवलं स्टॉप आणि स्टार्ट. फळ्यावर लिहिलं आणि स्वतःच खडू ठेवला. दोन्हींची सुरुवात एस-टी, तीन टिंबं एक रेघ. तीच फसगत.

धाकटा म्हणाला, "सर, मराठीतच पाठवू ना. बंद आन् चालू." विचार पटण्यासारखा होता. मोर्सला भाषा लागतच नाही. रोमन अक्षरांत बंद लिहिलं की बी, चालू लिहिलं की सी. बी म्हणजे — • • • आणि सी म्हणजे — • — •. चारांतली फक्त तिसरी खूण वेगळी. एक टिंब हाताने जरा लांबलं की बंदचं चालू. धाकट्याने तोंड वाकडं केलं.

तालुक्याच्या गावी एक निवृत्त तारमास्तर राहतात, ऐंशी पार केलेले. त्यांच्याकडे पुठ्ठा आणि वही घेऊन गेलो. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "समोरून उत्तर काय आलं होतं?"

उत्तर नव्हतंच ठरलं.

"मग ही तार गेलीच नाही," ते म्हणाले. "नुसती सोडली."

एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि अर्धा तास दिवाळीच्या शुभेच्छांच्या तारांबद्दल सांगत बसले. पण त्यातही कामाचं होतं. शुभेच्छांची ठरावीक वाक्यं होती, प्रत्येकाला एक आकडा. गिऱ्हाईक आकडा निवडायचं, तारेवरून तेवढा आकडाच जायचा आणि पलीकडे पूर्ण वाक्य कागदावर उतरायचं. म्हणजे ज्यांच्या हाताखालून रोज शेकडो शब्द जायचे, त्यांनीही नेहमीचं वाक्य अक्षर-अक्षर पाठवणं टाळलं होतं. 14 जुलै 2013 ला देशातल्या शेवटच्या तारा घेतल्या गेल्या. त्या दिवशी कुणी आठवण काढली का, असं मी विचारलं. ते नुसते हसले.

शेवटी ठरलं ते

तोडगा थोरलीने काढला आणि तो तिच्याच चुकलेल्या वहीतून निघाला. दहा रेघांकडे बोट ठेवून ती म्हणाली, "सर, मोजणं चुकलं, पण सगळ्या लांब होत्या हे नाही चुकलं."

मी त्या वाक्यावर बराच वेळ थांबलो. एसओएस आठवलं, संकटात मदत मागायची खूण. 1906 च्या बर्लिनच्या परिषदेत ठरलेली ती खूण अक्षरांमध्ये न थांबता एका दमात पाठवतात, • • • — — — • • •. ऐकणारा एस, ओ, एस असं वाचत नाही, त्याला एक आकार ओळखू येतो. थोरली तेच म्हणत होती, फक्त आणखी सोपं करून.

तर नुसत्या लांब रेघा म्हणजे मोटर बंद. तीन असोत, पाच असोत, नऊ असोत. नुसती टिंबं म्हणजे मोटर चालू. मोजायचंच नाही. एकच लांब उजेड दिसला तर तो लांब की आखूड हे कशावरून ठरवणार, म्हणून कमीत कमी तीन पाठवायच्या, आणि रेघ मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत धरायची. मोर्सच्या नियमात रेघ टिंबाच्या तिप्पट असते, आम्ही ती सहापट केली. तारमास्तरांना सांगितलं असतं तर रागावले असते.

लांब-आखूड मिसळलेलं काही आलं, किंवा कळलंच नाही, तर आधी मोटर बंद. यावर आईने हरकत घेतली. उगाच बंद-चालू करून मोटर तापते, लाइनचा वेळ वाया जातो. बरोबर आहे. पण चुकून बंद झाली तर पाच मिनिटं जातात. चुकून चालू झाली तर काय होतं ते बाबांच्या नडगीवर अजून दिसत होतं. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या, बंदच बरी."

बंदचा निरोप आला की नुसतं लाल बटण नाही, मेन स्विचच खाली ओढायचा. तो ओढल्यावर छपरीतला बाहेरचा दिवा तीनदा लांब लावून दाखवायचा. तो दिसल्याशिवाय बाबांनी जोडाला हात लावायचा नाही. वाचताना धाकटा दिव्यावरून नजर न काढता "लांब, लांब" असं मोठ्याने म्हणतो आणि थोरली लिहिते.

बॅटरीचीही एक भानगड निघाली. बाजारातल्या स्वस्त बॅटरीचं बटण एकदा दाबलं की भगभगीत, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा आपोआप लुकलुकणारी. त्या बटणाने टिंब-रेघा पाठवायच्या म्हणजे मध्येच ती स्वतःच्या मनाने टिंबं सोडत बसते. बाबांनी त्यावर आधीच उपाय केला होता, बॅटरी पेटती ठेवून पुढे टोपी धरायची आणि काढायची. मी त्यांना सांगितलं की जहाजांवरच्या निरोपाच्या दिव्यांनाही पुढे झडपा असतात, दिवा पेटताच ठेवतात आणि झडप उघडतात-मिटतात. त्यांना ते फार आवडलं. "म्हणजे आमी जहाजवाले झालो," असं ते दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

एक मान्य करतो. इंग्रजीचा मास्तर म्हणून मला थोडं वाईट वाटलं. मुलीने स्पेलिंग पाठ केली, अख्खी संहिता पाठ केली, आणि कामाला आलं काय, तर लांब आणि आखूड. मोटरच्या निरोपात आता एकही इंग्रजी शब्द नाही. माझ्या दोन सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की याला मोर्स म्हणताच येणार नाही. असेल. पण संहिता पाठ नसती तर तिला वही वाचता आली नसती, आणि वही वाचता आली नसती तर चूक बाबांच्या गारठलेल्या हातावर ढकलून सगळे मोकळे झाले असते. मला स्वतःला तर ऑन आणि ऑफ एकाच अक्षराने सुरू होतात, हे इतकी वर्षं शिकवूनही कधी दिसलं नव्हतं.

हरभऱ्याची शेवटची पाळी फेब्रुवारीत झाली. त्या रात्री मी मुद्दाम त्यांच्या छपरीत बसलो होतो. पहाटे नाल्याकडून लांब, लांब, लांब, लांब आलं. आईने मेन स्विच ओढला, दिव्याने उत्तर दिलं. स्प्रिंकलरची फिरकी मंदावत थांबली. मग थोडा अंधार, आणि पुन्हा उजेड: लांब, आखूड, आखूड, लांब.

"एक्स," धाकटा म्हणाला.

आई उठली आणि चुलीवर आधण ठेवलं.